गाडी नाही, असं मी म्हणालो

ही नोकरीला लागली तेव्हा बिल्टी म्हणजे ट्रकने पाठवलेल्या मालाची पावती, हे मीच तिला शिकवलं. ही म्हणजे माझी बायको. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बावीस वर्षं बुकिंग मॅनेजर आहे. कोणाचा माल, कुठे जायचा, कोणत्या गाडीत, कोणत्या ड्रायव्हरबरोबर, हे माझ्या टेबलावर ठरतं. मुलगी दहावी झाली त्या वर्षी ही म्हणाली, घरच्या शिकवण्या पुष्कळ झाल्या, आता बाहेर पडायचं आहे. सहा महिन्यांचा आयात-निर्यातीचा कोर्स करून ती मिहानकडच्या एका कंपनीत लागली. इकडच्या कारखान्यांचा माल परदेशी पाठवायचा, त्याची कागदपत्रं करायची, रिकामे कंटेनर मिळवायचे, जहाजावर जागा मिळवायची, असं ते काम.

पहिले काही महिने ती रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्यासमोर बसायची. ट्रेलर आणि साध्या ट्रकमध्ये फरक काय, वजनकाट्यावर काय बघतात, ड्रायव्हर फोन उचलत नसेल तर काय करायचं. मी चहा पीत पीत सांगायचो आणि ती लिहून घ्यायची. ते दिवस मला फार आवडले होते, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आज सांगतो.

वर्षभरात ती वही दिसेनाशी झाली. तिला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उलट जेवताना तिचा फोन वाजायचा आणि पोळीचा तुकडा हातात धरून ती कोलंबोतल्या, दुबईतल्या माणसांशी बोलायची. माझाही फोन वाजायचा. तो रायपूरचा किंवा बैतूलचा असायचा, आणि पलीकडचा माणूस सांगायचा की टायर फुटला. आम्ही प्रतापनगरला राहतो. सकाळी ती मेट्रोने जायची, सीताबर्डीला गाडी बदलून खापरीला उतरायची. मी स्कूटरने अमरावती रोडची धूळ खात वाडीला जायचो. संध्याकाळी दारात आम्ही दोघं एकाच वेळी पोचलो की माझ्या शर्टाची कॉलर काळी असायची आणि तिच्या ओढणीची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. हे बघायचं नाही असं मी ठरवायचो आणि रोज बघायचो.

मग तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले. युरोपला जाणारी जहाजं तो रस्ता सोडून आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जाऊ लागली. एका रविवारी हिने मुलीचं शाळेतलं नकाशांचं पुस्तक काढलं आणि पेन्सिलीने तो वळसा दाखवला. पंधरा-वीस दिवस जास्त लागतात, म्हणाली. मी बाजूला पेपर वाचत होतो. मी म्हटलं, मग थांबवून ठेवायची जहाजं, रस्ता मोकळा झाला की काढायची. घाटात जाम लागला की मी गाड्या अलीकडच्या ढाब्यावर उभ्या करतो, तेच माझ्या डोक्यात होतं. ही हसली. तिचं हसणं कुत्सित नव्हतं. पण तिच्याबरोबर मुलगीही हसली, आणि ते माझ्या मनात राहिलं.

जहाजं उशिरा यायला लागली तशी नागपुरात रिकाम्या कंटेनरची टंचाई झाली. वाडीत आम्ही कंटेनरला डबा म्हणतो. बुटीबोरीकडच्या एका सूतगिरणीचं सूत पोर्तुगालला जायचं होतं, खरेदीदार रोज विचारत होता, आणि डेपोत डबे नव्हते. ही घरी येऊन गप्प बसायला लागली. एकदा भाजी चिरता चिरता तिने अडचण सांगितली, तेव्हा मी जरा टोचूनच म्हणालो की माझी एकही गाडी रायपूरहून रिकामी येत नाही, मी परतीचा माल आधी शोधतो आणि मग गाडी पाठवतो. तुमच्या एवढ्या मोठ्या धंद्यात हे कोणाला सुचत नाही का? ती चिरायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली आणि मग पुन्हा चिरायला लागली.

दहा-बारा दिवसांनी कळलं की तिने काय केलं. कळमेश्वरकडच्या एका कागद कारखान्यात परदेशातून रद्दी येते, डबे भरून. तिथे रिकामे झालेले डबे डेपोत परत जायचे, आणि डेपोतून ते जो आधी मागेल त्याला मिळायचे. हिने जहाज कंपनीला पत्रावर पत्र लिहून परवानगी काढली की ते डबे डेपोत न जाता थेट सूतगिरणीत भरायला जातील. आता फक्त ते न्यायला ट्रेलर हवे होते.

तिचा फोन माझ्या ऑफिसच्या नंबरावर आला. मोबाइलवर नाही. स्पीकर चालू असावा, कारण मागे आणखी माणसं बोलताना ऐकू येत होती. घरी ती ‘मले’ म्हणते, माझ्यासारखीच. त्या फोनवर ती म्हणाली, “नमस्कार, मला चाळीस फुटी दोन ट्रेलर हवे आहेत, उद्या सकाळी. तुमचा दर पाठवता का?”

खिडकीतून मला दोन ट्रेलर दिसत होते. तीन दिवसांपासून उभे होते, एकाचा ड्रायव्हर सावलीत झोपला होता.

“गाडी नाही,” मी म्हणालो.

ती ठीक आहे म्हणाली आणि फोन ठेवला. असं का केलं, हे मला तेव्हाच माहीत होतं. तिने मला घरचा माणूस म्हणून विचारलं नव्हतं, दहा ट्रान्सपोर्टवाल्यांच्या यादीतला एक म्हणून विचारलं होतं. आणि घरचा म्हणून विचारलं असतं, तर माझ्याच बोलण्यावर तिचं नाव होणार म्हणून तेव्हाही मला राग आला असता. दोन्हीकडून माझं पोट दुखणारच होतं.

काम आमच्या समोरच्या ट्रान्सपोर्टवाल्याला मिळालं. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, पण ऑफिसला काच लावलेला, प्रत्येक गाडीवर जीपीएस बसवलेला. दोन डबे वेळेत भरले, रेल्वेने बंदरात गेले आणि जहाजावर चढले. त्यानंतर आणखी सहा ठरले. घरात त्या माणसाचा उल्लेख रोज व्हायला लागला. भाऊंनी गाडी वेळेवर लावली, भाऊंनी फोटो पाठवले, भाऊंचा ड्रायव्हर फार चांगला. मी आमटीत मीठ जास्त झालं असं म्हणायचो. झालेलं नसायचं.

एका रविवारी तिच्या ऑफिसने सगळ्यांना कुटुंबासह जेवायला बोलावलं. जेवणाआधी तिच्या साहेबांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली आणि म्हणाली की ही कल्पना माझी नाही, माझ्या मिस्टरांची आहे, ते ट्रान्सपोर्टमध्ये आहेत आणि त्यांची गाडी कधी रिकामी येत नाही. लोकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. आतून मात्र जळत होतो. तिने ते लपवलं असतं तर मला निदान तिला चोर म्हणता आलं असतं. तिच्याकडे आता इतकं होतं की त्यातलं थोडं मला देऊन टाकायला तिला काहीच वाटत नव्हतं. समोरचा ट्रान्सपोर्टवालाही आला होता. तो पानात गुलाबजाम घेऊन माझ्याजवळ आला आणि वहिनींचं डोकं फार चालतं म्हणाला. मी हो म्हटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एक अशी गोष्ट केली, जी सांगायला आजही लाज वाटते. त्या दिवशी सूतगिरणीत जायचे डबे समोरच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डात तपासायला ही वाडीला येणार होती. मला तिने सकाळी सांगितलंही होतं, जमलं तर चहाला भेटू म्हणून. मी काम आहे म्हणालो. आणि साडेअकराला त्याच्या यार्डासमोरच्या चहाच्या टपरीमागे बाकड्यावर जाऊन बसलो, जिथून मला आतलं दिसत होतं आणि आतल्यांना मी दिसत नव्हतो.

ती ऑफिसच्या गाडीतून उतरली. चुन्नी कमरेला खोचलेली, हातात कागद लावलेली पाटी. ट्रेलरवरच्या डब्याला लोखंडी शिडी लावली होती, त्यावरून ती वर चढली आणि आत गेली. मग समोरचा ट्रान्सपोर्टवाला स्वतः वर चढला आणि त्याने डब्याची दोन्ही दारं बाहेरून लावून घेतली. कडीवर हात ठेवून उभा राहिला.

माझ्या हातातला चहा थंड झाला. ते काय आहे हे मला माहीत होतं. बावीस वर्षं मी या धंद्यात आहे. डब्याची दारं बाहेरून लावून घ्यायची, आत अंधारात उभं राहायचं आणि कुठून उजेड आत येतो का बघायचं. कुठे सुईएवढं भोक असलं तरी उजेडाचा ठिपका दिसतो, आणि तिथूनच समुद्रात पाणी आत जातं. सगळं माहीत असूनही मला एवढंच दिसत होतं की माझी बायको आत आहे आणि दुसऱ्या माणसाचा हात कडीवर आहे. किती वेळ गेला कोण जाणे. आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. त्याने दार उघडलं. ती बाहेर आली, केसांवर रद्दीची धूळ, नाकावर काळा डाग, आणि ती त्याला काहीतरी सांगून हसत होती. घरी मी तिला असं हसताना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

संध्याकाळी मी वाट बघत बसलो. ती चप्पल काढते न काढते तोच मी सुरू झालो. टपरीमागे बसलो होतो तेही सांगून टाकलं. मग तोंडाला आलं ते बोललो. “त्या माणसाच्या हातात कडी देऊन आत उभी राहतेस, तुले काही वाटत नाही?”

मुलगी तिच्या खोलीत होती. तिचं दार हळूच लागलं.

ही सोफ्यावर बसली. पाणी प्यायली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकावा लागला.

“दार लावाले कोणीतरी लागतेच,” ती म्हणाली. “तुमची गाडी असती तर तुम्ही लावलं असतं. मी पहिला फोन तुम्हालेच केला होता.”

मी पुन्हा तेच म्हणालो, गाडी नव्हती.

“दोन उभ्या होत्या. त्यातलीच एक त्यानं तुमच्या मालकाकडून भाड्यानं घेतली. त्यानंच मले सांगितलं. मी त्याले म्हटलं, यांच्या ध्यानात नसन राहिलं.”

मालकाने ती गाडी फोनवरून परस्पर दिली होती. दुसऱ्या दिवशी गेटपासवर सही मीच केली होती, पण ती कुठे जाते हे विचारलं नव्हतं. माझ्या खोटेपणावर तिने पांघरूण घातलं होतं, तेही त्याच माणसासमोर, आणि घरी येऊन इतके दिवस एक शब्द काढला नव्हता. यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली आणि कुकर लावला.

त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलत होतो. दूध आलं का, सिलिंडर लावला का, फी भरली का. असे तीन आठवडे गेले असतील. मग हिला डेंग्यू झाला. ताप उतरेना, उठली की चक्कर यायची. त्याच आठवड्यात कागद कारखान्यातून दोन डबे निघाले आणि तिच्या ऑफिसमधला दुसरा माणूस बंदरात गेलेला. उशीवर मोबाइल ठेवून ती कोणाकोणाला फोन करत होती आणि कोणी मोकळं नव्हतं. मला तिने विचारलं नाही. मी दारात उभा होतो, तरी विचारलं नाही.

मी म्हणालो, मी बघून येतो.

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग काय काय बघायचं ते सांगायला लागली: तळाची फळी, दाराचं रबर, वास, आणि आत गेल्यावर लगेच ठोकायचं नाही. मी मान हलवत होतो, पण अर्धंच ऐकत होतो. मनात म्हणत होतो, मला काय शिकवते.

समोरच्या ट्रान्सपोर्टवाल्याने मला यार्डात आलेलं बघून काही विचारलं नाही. वहिनींचा ताप कसा आहे एवढंच विचारलं. मी शिडी चढून पहिल्या डब्यात गेलो आणि त्याने दारं लावली.

आत ओल्या कागदाचा वास होता आणि पत्रा तापलेला. अंधार इतका की डोळे मिटले काय आणि उघडे ठेवले काय, फरक पडत नव्हता. बाहेरचा आवाजही एकदम लांब गेला. मी भिंतीवर हात टेकले, इकडे तिकडे बघितलं, कुठेही उजेड नव्हता. मी ठोकलं.

त्याने दार उघडलं आणि झालं का म्हणून विचारलं. मी झालं म्हटलं. तो जरा घुटमळला.

“वहिनी पाच-सात मिनिटं थांबतात आत,” तो म्हणाला. “डोळे अंधाराले सरावल्याशिवाय काही दिसत नाही म्हणतात. तुम्ही मिनिटभरातच ठोकलं.”

त्याने ते मला कमी दाखवायला म्हटलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी पुन्हा आत गेलो. या वेळी मी मधोमध उभा राहिलो आणि मनात आकडे मोजायला लागलो. घाम पाठीवरून उतरत होता. शंभराच्या आसपास मला वाटलं आता पुरे, दार ठोकावं. मग हिची आठवण आली. ही इथे अशीच उभी राहत होती, दर आठवड्याला, दोन-दोन, चार-चार डब्यांत, बाहेर कोण उभा आहे याची फिकीर न करता, आणि बाहेर येऊन हसत होती. मी त्या माणसावर जळत होतो असं मी इतके दिवस समजत होतो. तो तर दाराशी उभा राहून फक्त कडी धरत होता. मला हेवा वाटत होता तो हिच्या आत उभं राहण्याचा. मला ते दोन मिनिटंही जमत नव्हतं.

दोनशे सत्तरच्या पुढे कधीतरी डाव्या कोपऱ्यात, छताजवळ, एक ठिपका दिसला. आधी वाटलं डोळ्यांचा भास आहे. मान हलवली तरी तो तिथेच होता. मी चाचपडत गेलो, त्याच्याखाली खडूने खूण केली आणि मग दार ठोकलं.

डबा परत पाठवला. त्या भोकातून दीड-दोन महिने समुद्राची हवा आत गेली असती तर सुताचं काय झालं असतं, ते सांगायची गरज नाही. मी तिला फोन करून सांगितलं. तिने कोणता कोपरा ते विचारलं, दुसरा डबा ठीक आहे का विचारलं, आणि बरं केलं म्हणाली. तिच्या आवाजात अजून ताप होता.

ती उठून बसायला लागली त्या दिवशी दुपारी मी तिला मोसंबीचा रस दिला आणि समोर बसलो. त्या दिवशी गाडी होती, पण मी मुद्दाम नाही म्हणालो, हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तुझं चांगलं चाललंय हे मला बघवत नाही, असंही सांगितलं. इतकं उघड मी आयुष्यात कोणाशी बोललो नव्हतो.

तिने पेला खाली ठेवला. “मग आता मी काय करू?” ती म्हणाली.

तिने नोकरी सोडावी असं मला वाटत नव्हतं. तिने माझ्यापुढे लहान होऊन राहावं असं वाटत होतं का, तर होय, थोडं वाटत होतं, पण ते मागता येत नाही. मी म्हणालो, काही नको करू. ती बरं म्हणाली आणि उरलेला रस प्यायली.

नंतर मी मालकांना गाठलं आणि तिच्या कंपनीला रीतसर दर पाठवला. पाच ट्रेलरचं काम निघालं तेव्हा तिने दोन आम्हाला दिले आणि तीन समोरच्याला. मी घरी तोंड फुगवून बसलो. तुमच्या गाड्या रस्त्यात कुठे आहेत हे मले दिसत नाही, त्याच्या दिसतात, असं तिने सरळ सांगितलं. दुसऱ्या महिन्यात मी मालकांच्या मागे लागून आमच्या ट्रेलरवर जीपीएस बसवून घेतलं. आता तीन आम्हाला आहेत आणि तीन त्याला.

पोर्तुगालचं सूत उशिरा का होईना पोचलं आणि पुढची ऑर्डर आली. समोरच्याबरोबर माझा रोजचा चहा सुरू झाला आहे. तो वाईट माणूस नाही, फक्त फार बोलतो.

जळणं गेलं म्हणेन तर ते खोटं होईल. गेल्या महिन्यात तिला कंपनीने तीन महिन्यांसाठी बंदरातल्या ऑफिसला पाठवलं. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो, बॅग वर ठेवून दिली, आणि गाडी सुटली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून होती. घरी येऊन मी मुलीसाठी आणि माझ्यासाठी खिचडी टाकली. ती खाली लागली.

परवा तिने व्हिडिओवर बंदराचा धक्का दाखवला. क्रेन, डब्यांच्या रांगा, आणि मागे जहाज, आमच्या सोसायटीपेक्षा उंच. बावीस वर्षं मी लोकांचा माल त्या बाजूला पाठवतोय आणि एकदाही ते पाहिलं नाही. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात रजा काढून येतो. ती म्हणाली, “या ना. पण मी दिवसभर कामात राहीन, तुम्हाले एकट्यानंच फिरावं लागन.”

रजेचा अर्ज मी काल दिला.